मारणं वेगळं, गिळणं वेगळं: जिताड्याच्या टाकीच्या नोंदी

8 जून 2025, रविवार, नेरूळ

ही वही नानांशी झालेल्या वादातून निघाली, म्हणून आधी वाद लिहून ठेवतो.

काल संध्याकाळी गव्हाणच्या पुढे नानांच्या तळ्यावर गरवायला गेलो होतो. तळं म्हणजे जुन्या खारबंदिस्तीतलं खाजण. एका अंगाला बांध, बांधात दगडी उघाडी. खाडीला भरती आली की झडप मिटते, सुकतीला उघडते. दोन तास लूर, म्हणजे माशाला भुलवणारं खोटं आमिष, टाकत होतो, एक मासा नाही. आता आवरू म्हणून दोरी भराभर गुंडाळायला घेतली, लूर उघाडीच्या दगडाला घासून पुढे सटकला आणि तेवढ्यात आतून दणका. जिताडा, पावणेदोन किलो. गरी ओठाच्या कडेला, बाहेरून अडकलेली.

घरी कापला तर पोट तट्ट. बोटाएवढ्या एकवीस कोळंब्या आणि एक अर्धवट जिरलेलं बोईट. बायकोने कोळंब्या ताटलीत ओळीने मांडल्या आणि विचारलं, "याला अजून काय हवं होतं?"

नानांना फोन केला. म्हणाले, "त्याला भूक नवती रं, तो खवलला." मी म्हटलं, नाना, मासा खवळत नाही, मासा खातो. पोटात जागा असेल म्हणून आला. नाना हसले आणि फोन ठेवला.

कारखान्यात माझं काम मशीन दुरुस्तीचं. ऑपरेटर येऊन सांगतो, "साहेब, मशीन रुसलंय." आम्ही मान डोलावतो आणि वायर शोधायला लागतो. 'खवळला' हा शब्दही मला तसाच वाटतो. खोटा नाही, पण त्यात वायर सापडत नाही.

12 जून

अमेरिकेतले बास पकडणारे लोक नानांच्याच बाजूचे निघाले. ते याला 'रिअ‍ॅक्शन स्ट्राइक' म्हणतात: पोट भरलेलं असो वा नसो, नाकासमोरून काही अचानक गेलं की बास तोंड मारतो. त्यांचा बास म्हणजे लार्जमाउथ बास, उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा मासा, सनफिशच्या कुळातला. आपला जिताडा हॉटेलच्या मेनूवर 'एशियन सीबास' म्हणून येतो, पण दोघांचं कूळ वेगळं. नावापुरती भाऊबंदकी. सवय मात्र एक: दोघेही आडोशाला दबा धरून बसतात, मोठा जबडा एकदम उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतात. दात लावून तोडत नाहीत, शोषून घेतात.

बास इथे मिळणार नाही, मिळाला तरी मी आणणार नाही. जिताड्यावरच बघायचं.

22 जून, रविवार

टाकी लागली. चार फूट बाय दीड बाय दीड, पाणी साधारण 220 लिटर. वर जाळीचं झाकण, कारण जिताडा उडी मारतो. नानांच्या ओळखीतल्या एका तळेवाल्याकडून चार बोटुकली आणली, हॅचरीच्या बियाण्यातली. लांबी 9 ते 11 सेंटिमीटर. जिताडा खाऱ्या पाण्यात वाढतो तसा गोड्यातही वाढतो, त्यामुळे हळूहळू नळाच्या पाण्यावर आणता आलं. तळेवाल्याने एकच ताकीद दिली: "सारख्या मापाची ठेवा. लहान-मोठी झाली की मोठा लहानाला खाणार."

नावं ठेवायची नाहीत असं ठरवलं होतं. आईने पहिल्याच दिवशी सगळ्यात मोठ्याला 'पाटील' म्हणायला सुरुवात केली.

6 जुलै, आषाढी एकादशी

आज टाकीला हात नाही, घरात माशाचा वाससुद्धा नको अशी तंबी आहे. सकाळी मात्र नानांकडे गेलो. खाडीच्या बांधाअलीकडे त्यांच्या भातखाचराला लागून गोड्या पाण्याचं डबकं आहे. त्यात मरळीने पिल्लं काढली आहेत. गवताच्या मधोमध तांबूस पिल्लांचा वाटोळा घोस पाण्यावर येतो, श्वास घेतो, खाली जातो. त्याच्या खाली, हातभर पाण्यात, दोन काळ्या सावल्या. आई आणि बाप दोघेही राखणीला.

नानांनी बांबूच्या काठीचं टोक घोसाजवळ नेलं. काठी पाण्याला टेकायच्या आतच सावली वर आली आणि काठीला धडकली. पुन्हा नेलं, पुन्हा धडक. काठीला कोळंबीचा वास नव्हता, डोळे नव्हते, शेपटी नव्हती. "आता बोल, काठी खायची व्हती त्याला?"

मी उपाशीपोटी उभा होतो. उत्तर सुचलं नाही.

लोक या दिवसांत रबरी बेडूक घोसावरून ओढतात आणि मरळ हमखास लागते. मरळ गेली की तो घोस तासाभरात बाकीच्या माशांच्या आणि बगळ्यांच्या पोटात. नाना ते करू देत नाहीत. मीही रॉड गाडीतच ठेवला.

बासचंही असंच आहे, फक्त तिथे राखण एकटा बाप करतो. वसंतात पाणी पंधरा-वीस अंशांच्या घरात आलं की नर तळाशी शेपटीने खळगा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि नर दिवसेंदिवस जवळपास न खाता पहारा देतो. त्या उपासातल्या नरासमोर लूर गेला की तो तोंड मारतोच. त्याला पकडून पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवलं तरी आजूबाजूला टपलेले ब्लूगिल मासे अंड्यांवर तुटून पडतात.

म्हणजे निदान हा एक दणका भुकेचा नाही. पण राखण करणाऱ्याची गोष्ट वेगळी. माझ्या सात जूनच्या जिताड्याला पिल्लं नव्हती. प्रश्न तसाच आहे.

13 जुलै

'पोट भरलं' म्हणजे काय ते आधी ठरवायला हवं. नियम केला: कोळंबीचे तुकडे एकेक करून टाकायचे, चारही माशांनी लागोपाठ दोन तुकडे तसेच तळाला जाऊ दिले की पोट भरलं असं धरायचं. 'भुकेला' म्हणजे 24 तास काही न दिलेला.

रकाने आखले: तारीख, वेळ, भुकेला की भरलेला, कुठला लूर, कसा ओढला, लागला की नाही.

20 जुलै, रविवार

पाऊस धो धो, बाहेर जाणं शक्य नाही. दिवसभर लूर कोरले. पांगाऱ्याची वाळकी फांदी नानांनी दिली होती. पांगारा इतका हलका की जुने लोक जाळ्याला त्याचे तरंग लावायचे. चाकू लोण्यासारखा चालतो, पण पॉलिश पेपर मारताना धागे उठतात, म्हणून आधी फेविकॉलचं पातळ पाणी पाजून वाळवायचं. पोटात शिशाचा छोटा मणी. पुढची जीभ, म्हणजे लूरला पाण्यात डुलवणारी तिरकी पट्टी, जुन्या सीडीच्या तुकड्याची. सीडी कापताना एकदा गरम पाण्यात बुडवली नाही तर तडकते, तीन सीड्या वाया घालवून हे शिकलो. वर चॉकलेटचा चंदेरी कागद, त्यावर अरल्डाइट.

चॉकलेटची चांदी ही माझी कल्पना नव्हे. फिनलंडच्या लाउरी रापालाने 1936 साली आपला पहिला लूर असाच केला होता: बुचाचं लाकूड, चॉकलेटची चांदी, वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून केलेला लेप. तो जाळी लावणारा गरीब कोळीच होता. नावेतून खाली बघताना त्याला दिसलं की मोठे मासे लहान माशांच्या थव्यावर येतात तेव्हा नेमका तो मासा उचलतात जो जरा वाकडा, अडखळत पोहतो. रापालाने मासा कोरला नाही, अडखळणं कोरलं. हे वाचल्यावर मी माझ्या लूरला डोळे रंगवणं सोडून दिलं आणि जिभेचा कोन बदलत बसलो.

टाकीसाठी 4 सेंटिमीटरचे, बिनगरीचे तीन केले. ओढायला भंगारातल्या वायपरची मोटर, तिच्यावर दोऱ्याचं रीळ. वेग रेग्युलेटरने कमी-जास्त. काचेवर बाहेरून शिंप्याची टेप चिकटवली.

21 जुलै ते 1 ऑगस्ट

दुसरी पाळी. रोज सकाळी कामावर जायच्या आधी चार-पाच ओढी. नोंदी मागच्या पानांवर.

2 ऑगस्ट, शनिवार

दोन आठवड्यांच्या आकड्यांवर आज बसलो. मला वाटलं होतं की भुकेले असताना मारतील, भरलेले असताना मारणार नाहीत. नानांना वाटलं होतं की दोन्ही वेळा सारखेच मारतील. दोघेही चुकलो.

भुकेले असताना लूर टाकीच्या त्या टोकाला दिसला तरी पाटील निघतो. टेपवर मोजलं तर 30, 35, एकदा 50 सेंटिमीटरवरून आला. लूर एकसारखा ओढला तरी येतो, थांबवला तरी येतो.

पोट भरल्यावर एकसारखा ओढलेला लूर समोरून जाऊ देतात. डोळा फिरतो, अंग हलत नाही. 20 सेंटिमीटरवरून कोणीच आलं नाही. पण टाकीत मी एक कौल उभा ठेवला आहे. त्याच्या आडून लूर एकदम बाहेर काढला आणि मासा कडेलाच बसलेला असला, तर 6 ते 8 सेंटिमीटरवर दणका. प्रत्येक वेळी नाही, पण दहातून चार-पाचदा. लूर समोर थांबवून मग झटका दिला तरी तसंच.

माझ्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर हा प्रॉक्सिमिटी सेन्सर आहे, वस्तू जवळ आली की ओळखणारा. त्याच्या पाठीवर एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की सेन्सर किती अंतरावरून पकडेल ते बदलतं. आतला स्विच मात्र तोच, उघडतो नाहीतर मिटतो. भूक हा स्क्रू दिसतोय. नानांचं 'खवळणं' म्हणजे स्विच.

नानांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "याला टाकी कशाला पायजे? भुकेला मासा फिरतो, भरलेला बसतो. बसलेल्याच्या नाकासमोरशी काय गेला तं तो सोरतो कं?" दोन आठवड्यांचं काम त्यांनी दोन वाक्यांत काढलं. राग आला, खोटं कशाला बोलू.

10 ऑगस्ट, रविवार

नारळी पौर्णिमेचं उधाण. पहाटे साडेपाचला नानांच्या उघाडीवर, बाहेरच्या अंगाला. सुकतीचं शेवटचं पाणी झडपेतून जोरात पडत होतं आणि त्यातून आतली कोळंबी, बारीक बोईट वाहून बाहेर येत होती. जिताडे तिथे जेवायलाच जमले होते. तोंड मारल्याचा आवाज ऐकण्यासारखा असतो, रिकामा डबा पाण्यात उपडा मारावा तसा 'ढप'. पाणी आत ओढून जबडा मिटल्याचा तो आवाज.

दोन लागले, सव्वा किलो आणि जेमतेम किलो. दोघांच्याही घशाच्या तोंडाशी लूर, पक्कड आत घालावी लागली. जूनचा तो ओठाला बाहेरून अडकला होता. तीन मासे म्हणजे काही पुरावा नाही, पण वहीत गरी कुठे लागली हा रकाना वाढवला. जेवणारा मासा लूर आत घेतो आणि दचकून मारणारा नुसता टोला देतो, असं असेल तर गरी अडकण्याची जागाच सांगेल.

नानांनी एक ठेवला, एक मी. भांगाच्या वेळी, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते तेव्हा, याच ठिकाणी पाणी मेलेलं असतं, तेव्हा पुन्हा येऊन बघायचं.

17 ऑगस्ट, रविवार

आजचा दिवस महत्त्वाचा. भाच्याचा फोन आणला. तो सेकंदाला 240 चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये साधारण 4 मिलिसेकंद.

आधी भुकेल्या पाटलाचं चित्रण. जबडा उघडायला लागल्यापासून मिटेपर्यंत नऊ चित्रं. 40 मिलिसेकंदांच्याही आत खेळ संपतो. माणसाची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पाणी आत जाताना लूरच्या आधी एक बुडबुडा आत जातो, तेवढ्यावरून ओढ किती आहे ते कळतं. एवढ्या वेळात मासा 'हे खाऊ का' असं काही ठरवत असेल, हे मला आता पटत नाही. ठरवणं झालं असेल तर ते आधी झालं, किंवा नंतर होतं.

नंतर होतं, हे पुढच्या चित्रणात दिसलं. पोट भरल्याची खूण झाल्यावर मी सवयीने आणखी एक कोळंबीचा तुकडा टाकला. तो तरंगत तरंगत एका माशाच्या अगदी तोंडापुढे आला. माशाने तो मारला, आत घेतला आणि लगेच थुंकला. लाकूड नव्हे, खरी, ताजी, सोललेली कोळंबी. तीच अर्ध्या तासापूर्वी त्याने गिळली होती. मी तीन वेळा पुन्हा केलं. एकदा दुर्लक्ष, दोनदा मारून थुंकली.

म्हणजे पाच आठवडे मी रकानाच चुकीचा आखला होता. 'लागला की नाही' असा एक रकाना ठेवून मी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र भरत होतो. मारणं एक, गिळणं दुसरं. मधे तोंडातली चव असते. माशाच्या ओठांवर, टाळ्यावर, कल्ल्यांच्या कमानींवर चवीचे ठिपके असतात, आणि ते सांगतात की आत आलेलं ठेवायचं की बाहेर टाकायचं. माशाला हात नाहीत. आपण अंधारात पायाखाली काही आलं तर हात लावून बघतो, मासा तोंड लावून बघतो. फरक इतकाच की त्याचं तोंड लावणं 40 मिलिसेकंदांत होतं आणि आपल्या बाजूला त्यात गरी असते.

कोळंब्यांनी तट्ट भरलेल्या जिताड्याने लूर का मारला याचं उत्तर मग असं: त्याने तो गिळायला मारला नव्हता. गरी नसती तर त्याने तो तिथेच थुंकला असता, आणि मला काठीला आलेला एक ठोका एवढंच कळलं असतं. असे थुंकलेले ठोके आजवर किती चुकवले असतील.

आणखी एक गंमत. 9 सेंटिमीटरचा मोठा लूर त्याच कौलाआडून काढला तर तेच मासे उलटे पळाले. अंग इंग्रजी 'सी' अक्षरासारखं वाकवून, एका झटक्यात. माशाच्या मेंदूच्या मागच्या भागात माउथनर नावाच्या दोन मोठ्या पेशी असतात, त्या हा पळायचा झटका देतात. अचानक काहीतरी आलं, तर लहान असेल तर मार, मोठं असेल तर पळ. विचार करायची सवडच नाही.

रकाने पुन्हा आखले. मारलं: हो/नाही. गिळलं: हो/नाही.

24 ऑगस्ट

स्विच कायम चालू राहत नाही. भरलेल्या माशांसमोर कौलाआडून एकच लूर, एकाच वेगाने, पाच-पाच मिनिटांनी काढत गेलो. पहिल्या तीन ओढींत दोनदा मारलं. चौथ्याला नुसते वळले. सहाव्यानंतर ढिम्म. रंग बदलला, एकदा आले, मग पुन्हा ढिम्म. ओढायची तऱ्हा बदलली, थांबा-झटका-थांबा, तेव्हा पुन्हा तीन दणके.

इथे तर गरीही नव्हती, टोचलं काहीच नाही. गरी लागल्यावर मासा किती लवकर शिकतो यावर डच संशोधक ब्यूकेमाने 1970 साली पाइक माशावर काम छापलं होतं. एकदा फिरत्या पात्याच्या लूरने पकडलेला पाइक पुन्हा त्या लूरला फारसा फसत नसे, पण जिवंत आमिषाला मात्र येत राही. नाना याला 'गावलेला मासा शहाणा' म्हणतात.

26 तारखेला गणपतीसाठी गावी निघायचं आहे. शेजारच्या काकू रोज संध्याकाळी खाणं टाकतील. डब्यांवर तारखा लिहून फ्रीजरमध्ये ठेवले.

1 सप्टेंबर, सोमवार

चाराचे तीन झाले.

काल रात्री आलो. झाकण जागेवर, जमिनीवर काही नाही. पाटलाचं पोट एका बाजूला फुगलेलं आणि सगळ्यात लहान गायब. काकू रडवेल्या झाल्या, त्यांना वाटलं आपण कमी टाकलं. उलट होतं: मुलांना बघायला मजा वाटते म्हणून त्या दोन दिवसांचं खाणं एका दिवशी टाकत होत्या, तळाला न खाल्लेली कोळंबी कुजून पाणी गढूळ झालं होतं. समोर कोळंबी पडलेली असताना पाटलाने भाऊ खाल्ला.

याला मी कुठल्या रकान्यात टाकू? मारलं: हो. गिळलं: हो. मग भूक होती म्हणायची का? तळाला पडलेली कोळंबी हलत नव्हती, भाऊ हलत होता, एवढंच खात्रीने लिहिता येतं. चूक माझी. ऑगस्टमध्येच पाटील दीडपट झाला होता, तेव्हाच वेगळा करायला हवा होता. तळेवाल्याने पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

अर्धं पाणी बदललं. मधे काचेची आडभिंत घातली.

14 सप्टेंबर

रंगांच्या खटपटीत दोन आठवडे गेले, हाती फार काही नाही. बासवर 2019 साली छापलेलं एक काम मात्र छान आहे. बासला लाल आणि हिरवा हे रंग स्पष्ट ओळखता येतात, पण पोपटी आणि पांढऱ्यात तो गोंधळतो, निळ्या आणि काळ्यातही. बाजारात लूरच्या त्याच साच्याचे वीस रंग मिळतात. ते गिऱ्हाईक पकडायला असतात, मासा नव्हे. माझ्याकडेही सतरा आहेत.

रात्री दिवा बंद करून पाच ओढी केल्या. दिसत काहीच नव्हतं, आवाजावर दोन दणके मोजले. अंगाच्या कडेने जाणारी रेघ, पार्श्वरेषा, तिने मासा पाण्याची हालचाल ओळखतो, अंधार असो की गढूळ पाणी. आपल्या खाडीत वीतभर खालचं दिसत नाही, तिथे रंगापेक्षा थरथर महत्त्वाची असणार. बॅटरी मारली तर आडभिंतीच्या दोन्ही बाजूंना डोळे निखाऱ्यासारखे.

5 ऑक्टोबर, रविवार

प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यासक टिनबर्गेन याची आठवण काढल्याशिवाय हे प्रकरण संपणार नाही. स्टिकलबॅक नावाचा बोटभर मासा. विणीच्या काळात नराचं पोट लाल होतं आणि तो दुसऱ्या लाल पोटाच्या नरावर तुटून पडतो. निको टिनबर्गेनने त्यांच्यापुढे हुबेहूब माशासारखी पण लाल नसलेली बाहुली धरली, ती त्यांनी जवळपास सोडून दिली. मग ओबडधोबड, माशासारखा अजिबात न दिसणारा, फक्त खाली लाल रंगवलेला गोळा धरला, त्यावर तुटून पडले. खिडकीबाहेरून टपालाची लाल गाडी गेली तरी टाकीतले नर तिच्या दिशेने धावायचे. 1973 साली त्याला नोबेल मिळालं ते प्राण्यांच्या वागण्यावरच्या अशा कामासाठी. संपूर्ण मासा लागत नाही, एक खूण पुरते. रापालाचं अडखळणं हीसुद्धा तशीच खूण, आणि नानांच्या मरळीला काठी पुरली.

याहून मोठं काम बासवरचंच. इलिनॉयमधल्या रिज लेक नावाच्या छोट्या तलावात डेव्हिड फिलिप आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात पकडलेल्या प्रत्येक बासला खूण करून सोडलं. काही बास पुन्हा पुन्हा लागले, काही कधीच लागले नाहीत. मग वारंवार लागणाऱ्यांची आपसात आणि न लागणाऱ्यांची आपसात पैदास केली. तीन पिढ्या गेल्या तसा दोन्ही घराण्यांतला फरक वाढत गेला. म्हणजे लूरला तोंड मारण्याची ओढ काही अंशी रक्तातून येते. भूक तर दोन्ही घराण्यांना लागतच असणार.

2012 मध्ये त्याच दोन घराण्यांवर आणखी एक काम आलं, ते मला जास्त चटका लावून गेलं. सहज लागणाऱ्या घराण्यातले नर अंड्यांची राखण जास्त आक्रमकपणे करतात आणि त्यांची पिल्लंही जास्त निघतात. जो बाप काठीला धडकतो, तोच गरीला लागतो. आपण तलावातून नेमके तेच काढतो.

एकादशीच्या सकाळी रॉड गाडीत राहिला ते बरं झालं.

8 ऑक्टोबर

आज नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन. रस्ते बंद, कामावर पोहोचायला दोन तास. टाकीची नोंद नाही.

12 ऑक्टोबर, रविवार

भांग. पाणी मेलेलं, ऊन रणरणतं. मुद्दाम भरदुपारी गेलो, मासे जेवत नाहीत त्या वेळी. नानांनी वेड्यात काढलं.

टाकीतलं खरं असेल तर बसलेल्या, न जेवणाऱ्या माशाला लूर शोधायला लावून उपयोग नाही, तो त्याच्या नाकावरून न्यायला हवा. उघड्या पाण्यात तीस फेका, दगडाला आणि तिवरांच्या मुळांना चाटून तीस फेका. उघड्यावर शून्य. कडेला तीन दणके, त्यातले दोन नुसते ठोके, म्हणजे बहुधा थुंकलेले. एक लागला, गरी ओठाच्या बाहेरच्या कडेला. मी खूश. रकाना जुळला!

घरी कापला. पोट रिकामं. एक कोळंबी नाही.

भरलेलं पोट अपेक्षित होतं असं नाही, पण माझ्या मनात मी ते धरून चाललो होतो. रिकाम्या पोटाचा मासा ओठाच्या कडेला लागला म्हणजे माझं 'गरी कुठे लागते' प्रकरण निकालात. किंवा दुपारच्या उन्हात पोट रिकामं असूनही त्याचा स्क्रू खाली पिळलेला होता. दोन्ही असू शकतं. खोडून काढत नाही, प्रश्नचिन्ह टाकून ठेवतो. नाना म्हणाले, "भाजून खा नि गप बस."

26 ऑक्टोबर, रविवार

पाटील 24 सेंटिमीटर, बाकीचे दोघे 18 च्या आसपास. टाकी आता त्यांना पुरत नाही, वळताना शेपटी काचेला लागते. तिघांनाही नानांच्या तळ्यात सोडायला नेलं. आठवडाभर टाकीत थोडं थोडं खारं पाणी मिसळत होतो. तिथे पिंप काठावर ठेवून तासभर तळ्याचं पाणी मगाने घालत बसलो. आईने निरोप पाठवला होता की पाटलाला शेवटी सोडा.

सोडले. तिघेही सरळ तळाला गेले, नाहीसे झाले.

पिंप विसळत होतो. वाऱ्याने तिवराचं पिवळं पान उघाडीच्या सावलीत पडलं, दोन वेळा गिरकी घेतली आणि 'ढप'. आमच्यापैकी कोणी नव्हता तो, तळ्यातला जुना, मोठा. पान आत गेलं आणि त्याच क्षणी हातभर पुढे वर आलं, मधोमध दुमडलेलं.

नाना म्हणाले, "लिव वहीत."

11 वाजून 20 मिनिटं. तिवराचं पान. अंतर साधारण वीतभर. मारलं: हो. गिळलं: नाही.